ॲबिसिनियन गिनीपिग: भोवऱ्यांपासून बाळंतपणापर्यंत, नेहमी येणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सहाव्या मजल्यावरच्या घरात गेली सहा वर्षं ॲबिसिनियन जातीचे गिनीपिग आहेत. सध्या दोघी: खसखस आणि तिची मुलगी जिरं. लिफ्टमध्ये, व्हॉट्सॲपवर, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांकडून प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते आहे. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

याला कोणी विंचरत नाही का?

विंचरलं तरी पाच मिनिटांत पहिले पाढे पंचावन्न. ॲबिसिनियनचे केस एका दिशेने वाढतच नाहीत. आपल्या टाळूवर असतो तसा भोवरा याच्या अंगभर असतो. केस एका बिंदूपासून निघतात आणि चहूबाजूंना वळत बाहेर जातात. इंग्रजीत याला रोझेट म्हणतात, पण आपला भोवरा जास्त नेमका आहे. शेजारशेजारचे दोन भोवरे जिथे भिडतात तिथे दोन्हीकडचे केस एकमेकांवर येऊन अडतात आणि ताठ उभे राहतात, बांधासारखे. म्हणून हा प्राणी सदैव नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसतो. केसांची लांबी साडेतीन ते चार सेंटीमीटर, हाताला राठ. पिल्लांचे जरा मऊ असतात, वयात आल्यावर खरखरीत होतात, आणि नराचे मादीपेक्षा जास्त. गालांवर कल्ले, नाकाखाली मिशांचा झुपका. रागीट हवालदारासारखा चेहरा आणि वजन एक किलो.

सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "डोक्यात दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणतात. हिची किती व्हायची?" आम्ही मोजले. दहा निघाले.

भोवरे किती असले की चांगला समजायचा?

परदेशातल्या प्रदर्शनांत किमान आठ मागतात, दहा असले तर उत्तम. नुसती संख्या पुरत नाही, जागाही ठरलेल्या आहेत: पाठीवर आडवे चार, मागे कमरेवर आणि पुठ्ठ्यावर मिळून चार, आणि दोन्ही खांद्यांवर एकेक. प्रत्येक भोवऱ्याचा मध्य टाचणीच्या टोकाएवढा हवा. मध्ये कातडी दिसू लागली, किंवा एका भोवऱ्याला दोन मध्य निघाले, की गुण कापले जातात. बैलबाजारात भोवऱ्याची जागा बघून बैल शुभ की अशुभ ठरवणारे लोक आपल्याकडे आहेतच, हा त्याचाच विलायती अवतार म्हणा. जन्मतः जेवढे भोवरे दिसतात तेवढेच आयुष्यभर राहतात, "मोठा झाल्यावर अजून येतील" असं दुकानदार सांगत असेल तर हसून पुढे जावं.

घरी पाळायला मात्र भोवरे सहा असोत की दहा, तब्येतीशी त्यांचा काडीचाही संबंध नाही.

आम्ही आणलेल्याला एक-दोनच भोवरे आहेत. मग हा ॲबिसिनियन नाही का?

बहुधा मिश्र असणार. आपल्याकडे दुकानांत येणारे बरेचसे असेच. यामागचं गणित मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर.

भोवरे आणणारा जनुक प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप, एकाकडून जरी आला तरी पिल्लाचे केस फिरतात. हार्वर्डचे जनुकशास्त्रज्ञ विल्यम कॅसल यांनी 1905 साली गिनीपिग आणि सशांच्या केसांवरचं काम छापलं, त्यातच हे आलं होतं. पण एवढ्याने कोडं सुटत नव्हतं, कारण काहींना अंगभर भोवरे आणि काहींना नुसता पाठीवर तुरा, असं का? कॅसल यांचे विद्यार्थी स्यूअल राइट यांनी गिनीपिगांवर अनेक वर्षं घालवली आणि असे गुंते सोडवले. भोवऱ्यांच्या जनुकाला लगाम घालणारा दुसरा एक जनुक असतो. तो अजिबात नसेल तर पूर्ण भोवरे. त्याची एक प्रत असेल तर मागच्या बाजूला थोडे भोवरे किंवा पाठीवर उभा पट्टा. दोन्ही प्रती असतील तर जेमतेम मागच्या पायांच्या बोटांवर केस उलटे दिसतात, बाकी अंग गुळगुळीत. साध्या, गुळगुळीत केसांच्या गिनीपिगांत हा लगाम सर्रास असतो. म्हणून अस्सल ॲबिसिनियन आणि साधा यांची जोडी लावली की पहिल्याच पिढीत अर्धवट भोवऱ्यांची पिल्लं निघतात. तुमचा तो.

(राइट वर्गात शिकवताना काखेतल्या गिनीपिगने फळा पुसत, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी नाही. पण खसखसच्या पाठीवरून हात फिरवला की ती खरी असावी असं वाटतं.)

कपाळावर फक्त एकच नेटका भोवरा असेल तर ती क्रेस्टेड नावाची वेगळी जात. केस राठ, कुरळे, उभे, पण भोवरा एकही नाही, तर टेडी किंवा रेक्स.

ॲबिसिनिया म्हणजे इथिओपिया. तिथून आला का?

नाही. सगळे गिनीपिग मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतले, पेरू-बोलिव्हियाकडचे. तिथे हजारो वर्षांपासून घरात पाळतात, आणि खातातही. इथिओपियाचा संबंध फक्त नावापुरता. गिनीचाही नाही, आणि डुकराचा तर नाहीच.

स्वभावाने कसा असतो?

ॲबिसिनियनची ख्याती चळवळा, धीट आणि आगाऊ अशी आहे, आणि माझा अनुभव साधारण तसाच आहे. फ्रीजचं दार उघडलं की शिट्ट्या सुरू. प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरली की शिट्ट्या. एकदा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते आणि स्वयंपाकघरात कोणीतरी कोथिंबिरीची जुडी सोडली. पलीकडून साहेबांनी विचारलं, "घरी प्रेशर कुकर लावलाय का?"

तरीही जातीवर फार विसंबू नका. खसखस अनोळखी माणसाच्या बोटाचा वास घ्यायला पुढे येते, तिच्याच पोटची जिरं दाराची बेल वाजली की खोक्यात घुसते. ही प्राणिमात्रांत शिकार होणारी जात आहे. घाबरलं की ती दगडासारखी थिजते. मुलं म्हणतात, "बघ आई, मांडीवर किती शांत बसलाय!" तो शांत नसतो, त्याचं काळीज धडधडत असतं. खरा निवांत गिनीपिग मांडीवर हातपाय पसरतो, खातो, मध्येच हलकं कुरकुरतो.

काही आवाज ओळखून ठेवा. दात कटकट वाजले तर हात मागे घ्या, तो रागावलाय. कमरेत डोलत, घुर्रर्र करत चालणं म्हणजे नराचं प्रेम किंवा दादागिरी, कधी मादीसुद्धा करते. आणि खूप आनंद झाला की हा जागच्या जागी उडतो, हवेतच अंग झटकतो, परत उडतो. तव्यावर लाह्या फुटाव्यात तसं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला फीट आली असं मला वाटलं होतं आणि मी डॉक्टरांना फोन लावला होता.

चावतो का? क्वचितच, आणि बहुतेकदा बोटाला काकडीचा वास असतो म्हणून. लहान मुलांनी उभ्याने उचलू नये, सोफ्यावरून पडला तरी हाड मोडतं. जमिनीवर बसायचं, एक हात छातीखाली, एक पुठ्ठ्याखाली.

एकच ठेवला तर चालेल?

नको. हे कळपातले प्राणी आहेत, एकटे ठेवले की मलूल होतात. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. दोन माद्या सगळ्यात सोपं. दोन नरही राहतात, पण जागा ऐसपैस हवी आणि जवळपास मादीचा वासही नको. ससा सोबतीला ठेवू नये, त्याची एक लाथ पुरेशी असते.

नर की मादी, कसं ओळखायचं? दुकानदाराने "दोन्ही माद्या" सांगितलं आहे.

आम्हालाही हेच सांगितलं होतं. फेब्रुवारीत दोन "बहिणी" आणल्या, खसखस आणि बेदाणा. एप्रिलच्या मध्यावर खसखस पेरूच्या, म्हणजे खायच्या पेरूच्या, आकाराची झाली. मला वाटलं माझ्या हातची कोथिंबीर मानवली. एका रात्री तिला मांडीवर घेतलं आणि तळहाताला आतून टिचकी बसली. परत एक. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बेदाण्याला उलटं केलं, बघितलं आणि म्हणाले, "ही बहीण नाही हो."

पोटाच्या खालच्या टोकाला हलकं दाबलं की मादीला इंग्रजी वायसारखी खाच दिसते. नराला गोल टिंब दिसतं आणि दाबल्यावर लिंग बाहेर येतं. केस राठ असल्यामुळे ॲबिसिनियनमध्ये बाजूला सारून नीट बघावं लागतं. एकदा डॉक्टरांकडूनच खात्री करून घ्या, घरी आणल्याच्या पहिल्या आठवड्यात. आमच्यासारखं दहाव्या आठवड्यात नको.

पिल्लं कशी आणि किती होतात?

गर्भ साधारण 59 ते 72 दिवस राहतो. एवढ्याशा प्राण्याला हे फार झाले, उंदीर तीन आठवड्यांत मोकळा होतो. पण म्हणूनच पिल्लू जन्मतः तयार असतं: अंगावर केस, डोळे उघडे, दात आलेले, तासाभरात चालतं आणि दुसऱ्या दिवशी आईच्या ताटातलं गवत चघळतं. एका वेताला दोन ते चार पिल्लं सहसा, कधी एक, कधी सहा. आईला सड मात्र दोनच.

खसखस पहाटे साडेतीनला व्याली. गोधडीच्या कोपऱ्यात ती मान पोटाखाली घालून काहीतरी ओढत होती. एक ओलं, काळं-तांबूस गाठोडं बाहेर आलं, तिने वरचा पापुद्रा दातांनी फाडला आणि चाटायला लागली. दहा मिनिटांनी ते सुकलं तशी पाठीवरची वळणं एकेक करून उभी राहिली. शाळेच्या वहीत मुलं काढतात तसले गोल गोल. एवढ्याशा जिवावर नऊ भोवरे! तीच जिरं. मागून अजून दोघे आले.

आता नको ते, पण सांगायलाच हवं.

मादी पहिल्यांदा गाभण राहायची असेल तर सहा-सात महिन्यांच्या आत. त्यानंतर तिच्या ओटीपोटाच्या हाडांमधला सांधा घट्ट होतो, पिल्लाचं डोकं अडकतं आणि सिझेरियन करावं लागतं. गिनीपिगच्या सिझेरियनमध्ये आई वाचेलच असं कोणी छातीठोक सांगत नाही. लठ्ठ मादीला गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत विषबाधेसारखा आजार होऊ शकतो: खाणं बंद, मलूल, आणि एक-दोन दिवसांत खेळ खलास. व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा माजावर येते, म्हणून नर आधीच वेगळा करायचा. आम्ही बेदाण्याला डॉक्टरांनी सांगितलं त्याच संध्याकाळी वेगळं केलं, नंतर त्याचं खच्चीकरण करून घेतलं आणि काही आठवड्यांनी परत एकत्र ठेवलं. नर पिल्लंसुद्धा तीन आठवड्यांची झाली की आईपासून आणि बहिणींपासून बाजूला काढावी लागतात. त्या वयात ती "बाळं" वाटतात, पण बाप होऊ शकतात.

थोडक्यात, मुलांना निसर्ग दाखवायला म्हणून एकदा पिल्लं होऊ द्यावीत, हा विचार सोडा.

रंगांमध्ये काही जपायचं असतं का?

एकच, पण जिवावरचं. ॲबिसिनियनमध्ये रोन रंग फार लोकप्रिय आहे: काळ्या किंवा तांबूस केसांत पांढरे केस मिसळलेले, मीठ-मिरी शिंपडल्यासारखे. रोनची जोडी रोनशी किंवा डाल्मेशियन ठिपक्यांवाल्याशी कधीच लावू नका. त्यातली साधारण चारातली एक पिल्लं पूर्ण पांढरी, बारीक किंवा नसलेल्या डोळ्यांची, बहिरी, दातांत व्यंग असलेली जन्मतात. बरीचशी लवकर मरतात. दुकानदार यातल्या वाचलेल्याला "दुर्मिळ पांढरा" म्हणून जास्त भावाला विकतो, हेही मी पाहिलं आहे. ब्रिंडल, म्हणजे काळे आणि तांबडे केस एकमेकांत मिसळलेले, त्यात हा धोका नाही. आमची खसखस ब्रिंडलच. नाव बघा आणि रंग बघा, नवऱ्याने ठेवलंय.

पेरुव्हियन या लांब केसांच्या जातीशी जोडी लावली तर लांब केसांचे भोवरे येतील का?

घोळ येईल. लांब केस वजनाने खाली पडतात आणि भोवरे बसतात. शिवाय आपल्या हवेत लांब केस म्हणजे जाचच.

ठाण्याच्या उन्हाळ्यात टिकतो का?

टिकवावा लागतो. याला 18 ते 24 अंश मानवतं. 27 च्या वर गेलं की लक्ष ठेवायचं, 30 च्या पुढे जिवाला धोका. आणि आपल्याकडे मार्च ते जून, मग पुन्हा ऑक्टोबर. त्यात दमट हवा. याला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करायलाही नीट जमत नाही.

गॅलरीत पिंजरा ठेवू नका, पश्चिमेच्या गॅलरीत तर मुळीच नाही. आमच्याकडे दुपारी एसी 26 वर, आणि वीज गेली तर आडवा केलेला जुना माठ, बाहेरून ओल्या गोणपाटाने गुंडाळलेला. दोघी आत जाऊन बसतात. जमिनीवर शहाबादी फरशीचा तुकडा, फ्रीजरमधली पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून शेजारी. तोंडातून लाळ, झपाट्याने श्वास, आडवा पसरलेला असं दिसलं तर बर्फाचं पाणी ओतायचं नाही. साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं कानांना आणि पायांना लावत थेट डॉक्टर.

आणि पावसाळ्यात?

पावसाळ्याचा शत्रू बुरशी. सुकं गवत सादळतं, मग काळे ठिपके येतात. असं गवत सरळ फेका, पैशाकडे बघू नका. हवाबंद डब्यात मावेल तेवढंच घ्या. दुसरं गजकर्ण. भोवऱ्यांच्या मधली कातडी दिसत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा केस फुंकून बघायचे. गोल टक्कल, पापुद्रे, खाजवणं दिसलं तर दाखवा. ते माणसांनाही होतं, माझ्या मनगटाला झालं होतं. बारीक किड्यांनीही खाज सुटते. कुत्र्यामांजराचं पिसवांचं औषध घरच्या घरी लावू नका.

खायला काय द्यायचं?

मुख्य अन्न गवत. सुकं गवत, चोवीस तास समोर. याचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. विदेशी टिमथी गवत ऑनलाइन मिळतं, महाग पडतं. ताज्या हिरव्यासाठी माझा आधार म्हणजे दूर्वा. जांभळी नाक्याला फुलवाल्या बसतात तिथे मंगळवारी जुड्यांचा ढीग असतो. धुवायच्या, पाणी झटकायचं, द्यायच्या. अंगारकीला भाव दुप्पट होतो, तेवढा दिवस बाप्पाला सोडून द्यावा. लसूणघास गुरांच्या चाऱ्याच्या दुकानात मिळतो, पण त्यात कॅल्शियम फार. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना मूतखडा होतो.

आता क जीवनसत्त्व. माणसासारखंच गिनीपिगलाही ते शरीरात बनवता येत नाही. नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक या संशोधकांनी 1907 मध्ये गिनीपिगांना नुसतं धान्य घातलं आणि त्यांना स्कर्व्ही झाला, त्यावरूनच या आजाराचा अभ्यास पुढे सरकला. किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम हवं, गाभण मादीला वरच्या अंगाने. ढोबळी मिरचीची मोठी फोड आणि कोथिंबीर रोज दिली की भागतं. पेरूची फोड आठवड्यातून एकदोनदा, साखर असते. पाण्यात थेंब टाकू नका, ते उजेडात निकामी होतं. तयार खाण्याच्या गोळ्यांतलं जीवनसत्त्वही साधारण तीन महिन्यांत उतरतं, म्हणून मोठं पाकीट स्वस्त पडतं हा भ्रम आहे.

कांदा, लसूण, बटाटा, अळू, दूध, पोळी, बिस्किट: नाही. "आमचा खातो हो आवडीने." खाईल. तरी नाही.

डॉक्टर कुठले?

ससे, पक्षी, कासवं बघणारे, ज्यांना एक्झॉटिक व्हेट म्हणतात. आजारी पडल्यावर शोधाशोध नको, आधीच नंबर घेऊन ठेवा, कारण बारा तास खाल्लं नाही तरी प्रकरण गंभीर असतं. माणसाचं अमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका. पेनिसिलिन गटातली औषधं याच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात आणि पाठोपाठ तोही जातो.

आंघोळ घालायची का?

गरज पडली तरच.

वास येतो का?

पिंजरा न झाडणाऱ्यांकडे येतो. आम्ही वर्तमानपत्र, त्यावर जुनी गोधडी असं अंथरतो, रोज लेंड्या झाडतो, दर तीन दिवसांनी गोधडी बदलतो. दोघींना किमान चार फूट बाय दोन फूट जागा हवी. तारेच्या तळाचा पिंजरा घेऊ नका, तळपायांना जखमा होतात.

परवाना लागतो का?

पाळायला नाही. दुकानाला मात्र 2018 च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका.

किती वर्षं जगतो?

पाच ते आठ. दहावीतल्या मुलासाठी घेतलात तर तो कॉलेज संपवून बेंगळुरूला जाईल आणि गिनीपिग तुमच्याकडे राहील. बेदाणा गेल्या दिवाळीच्या आधी गेला, साडेपाच वर्षांचा होऊन. खसखस दोन दिवस त्याच्या खोक्यात बसून होती. मग जिऱ्याने तिला ढकलून बाहेर काढलं, कोथिंबिरीसाठी.

तुमच्याकडे पिल्लं मिळतील का?

नाही, आता दोघीच आहेत. पण घ्यायचा विचार असेल तर एखाद्या शनिवारी संध्याकाळी येऊन तासभर जमिनीवर बसा, मुलांनाही आणा. येताना दूर्वांची जुडी आणा. पिशवी जरा वाजवत आत या, म्हणजे खसखस दारापर्यंत येईल. जिऱ्याचं काही सांगत नाही.